ट्रम्पेटवाल्या काकांचा दात

मी दात करते. काढत नाही, भरत नाही. त्यासाठी पुढच्या खोलीत डॉक्टरीणबाई आहेत. पांढरा कोट त्यांचा, भिंतीवरची पदवी त्यांची, आणि पेशंटचं दुखणं थांबलं की फुलांचा गुच्छही त्यांनाच. मी मागच्या खोलीत खिडकीपाशी मेण, प्लास्टर आणि बारीक बारीक कानशी घेऊन बसलेली असते. तोंडाचं माप माझ्याकडे येतं, सोबत एक चिठ्ठी येते, आणि चार दिवसांनी मी दात हातात देते. या शहरातल्या निम्म्या लोकांचं हसू माझ्या टेबलावर तयार झालेलं आहे आणि त्यातल्या एकानंही माझं तोंड पाहिलेलं नाही. याचा मला राग येत नाही असं मी सगळ्यांना सांगते.

एवढं पाल्हाळ अशासाठी, की आमच्या काकांच्या बाबतीत मी जी चूक केली ती चांगलं काम करणाऱ्या माणसाच्याच हातून होऊ शकते. एखाद्या वेंधळ्यानं ती केलीच नसती.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. शहराच्या ऑर्केस्ट्रात सत्तावीस वर्षं ते ट्रम्पेटच्या पहिल्या खुर्चीवर बसले. आठवड्याचे पाच दिवस काळा कोट, समोर छापील कागद, आणि निर्देशकाची काडी हलेल तसं वाजवायचं. रविवारी दुपारी मात्र ते स्टेशनमागच्या एका तळघरातल्या कॉफीच्या दुकानात तीन मित्रांबरोबर जॅझ वाजवत. तिथे ना कागद, ना काडी. ऑर्केस्ट्रातले लोक म्हणत, हा माणूस जरा सैल वाजवतो. तळघरातले म्हणत, जरा ताठ वाजवतो. काकांना विचारलं तर ते म्हणत, "अगं, तिकडे सूर इस्त्री करून द्यायचा असतो, आणि इकडे दोरीवरून काढला तसा. कपडा एकच."

त्यांच्या सरावाच्या खोलीत मासिकांतून कापलेले दोन फोटो होते. दोघेही जगात नाव काढलेले ट्रम्पेटवादक, एक जॅझमधला, एक कागदावरच्या संगीतातला. काकांना त्यांची नावं, जन्मगावं, रेकॉर्डिंगच्या तारखा सगळं तोंडपाठ होतं, पण घरात त्यांना घामवाला आणि टायवाला अशीच नावं पडलेली होती. एखादी जागा जमत नसेल तर काका गंभीर चेहऱ्यानं म्हणत, "हे टायवाल्याला विचारायला हवं," आणि फोटोसमोर उभं राहून तीच जागा वीस वेळा वाजवत. लहानपणी मला वाटायचं की टायवाला खरंच उत्तर देतो, फक्त मला ऐकू येत नाही.

काकूला यातलं काही कौतुक नव्हतं. निदान ती तसं दाखवत नसे. ट्रम्पेटला ती भोंगा म्हणायची, म्हणून आम्ही पोरं काकांना भोंगाकाका म्हणायचो. सराव सुरू झाला की ती स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. वाजवता वाजवता ट्रम्पेटच्या नळीत पाणी साठतं, ते खटका दाबून खाली सोडावं लागतं. काका ते जमिनीवर सोडत आणि वर समजावत, की ही थुंकी नसून श्वासातली वाफ आहे. काकू फडकं त्यांच्या अंगावर टाकायची आणि म्हणायची, "वाफ असेल तर तुम्हीच पुसा."

दातांना मात्र ते फुलासारखे जपत. ट्रम्पेटचं माउथपीस ओठावर टेकतं आणि ओठाच्या मागे दातांचा आधार लागतो. पुढचा दात गेला की वादक गेला, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. सफरचंद काकूनं चिरून द्यायचं. कठीण कवचाचं काही घरात आणायचं नाही. चेंडू खेळणारी पोरं दिसली की काका रस्ता ओलांडून पलीकडे. तान्ह्या मुलांना ते पाठ आपल्या छातीला लावूनच घेत, कारण मूल उसळून डोकं कधी मारेल याचा नेम नाही. आमच्या घरातल्या सगळ्या बाळांचे काकांच्या कडेवरचे फोटो आहेत आणि सगळी बाळं बाहेर बघतायत.

आता एवढा जपलेला हा ऐवज कसा होता? तर वाकडा. वरचा पुढचा डावा दात शेजाऱ्याच्या मागे सरकलेला आणि थोडा वळलेला. फोटो काढताना काका ओठ घट्ट मिटून उभे राहत. मला वाटायचं, त्यांना त्या दाताची लाज वाटते. मी या धंद्यात आले तेव्हापासून माझे हात शिवशिवत होते. जेवताना ते समोर बसले की मी मनातल्या मनात तो दात सरळ करून बघायचे.

ऑर्केस्ट्रात काकांच्या शेजारच्या, दुसऱ्या खुर्चीवर त्यांचीच एक विद्यार्थिनी बसायची. बारा वर्षांची असताना शिकायला आली होती, आता तिशीला टेकली होती. पुड्या बांधाव्यात तसं नेमकं, आटोपशीर बोलणारी मुलगी. दुसऱ्या खुर्चीवर म्हणून तिला सगळे दुसरी म्हणत. काकू पाहुण्यांना तिची ओळख "ही ह्यांची दुसरी" अशी करून द्यायची आणि पाहुण्यांचे चेहरे बघत मजा घ्यायची. घरात ती आम्हा भावंडांइतकीच हक्कानं वावरायची, म्हणून आम्ही तिला धाकटी म्हणायचो.

काका सगळ्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी एकच नियम सांगत: दाराकडे तोंड करून वाजवायचं नाही. आणि तो त्यांनी स्वतःच मोडला. ऑर्केस्ट्राच्या एका कार्यक्रमातल्या रचनेत एक ट्रम्पेट लांबून, रंगमंचाच्या बाहेरून ऐकू यायला हवं होतं. त्यासाठी काका पडद्यामागच्या बोळात जाऊन उभे राहिले. निर्देशक दिसावा म्हणून तिथे भिंतीवर एक लहानसा टीव्ही लावलेला असतो, आणि तो ज्या एका जागेवरून नीट दिसायचा ती जागा नेमकी दाराच्या तोंडाशी होती. काकांनी ट्रम्पेट उचललं, दीड सूर वाजवला, आणि दोन खुर्च्या उचलून आणणाऱ्या पडदेवाल्यानं पायानं दार ढकललं.

सभागृहाला इतकंच कळलं, की लांबून येणारा सूर मध्येच थांबला. धाकटीला मात्र रंगमंचावर बसल्या जागी सगळं कळलं असणार. तिनं पुढच्याच मात्रेला ट्रम्पेट उचललं आणि काकांचा उरलेला भाग आपल्या खुर्चीवरून हळू आवाजात वाजवून पुरा केला. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, की लांबचा सूर हळूहळू जवळ येण्याची कल्पना अभिनव होती. ते वाचून काका हसायला गेले आणि कळवळून गाल धरून बसले.

तोच वाकडा दात हिरडीपाशी मोडला होता आणि मुळाला उभी चीर गेली होती. डॉक्टरीणबाईंनी मूळ काढलं. पडदेवाला बाहेरच्या खोलीत बसून रडत होता. नंतर महिनाभर तो रोज डब्यातून सूप घेऊन काकांकडे जायचा. काका त्याला समजावत, "अरे बाबा, चूक दाराची आहे. तू फक्त त्याच्या मागे होतास." सहा आठवडे जखम भरू द्यायची आणि मग शेजारच्या दोन दातांच्या आधारानं नवा दात बसवायचा, असं ठरलं. त्याला आम्ही ब्रिज म्हणतो. माप माझ्याकडे आलं. चिठ्ठीवर फक्त दाताचा नंबर आणि रंग लिहिला होता, आकाराबद्दल काही नव्हतं.

मी नऊ दिवस घेतले. एरवी चार घेते. तीन छटा एकावर एक चढवल्या, कडेला ती फिकट निळसर झाक आणली जी खऱ्या दाताला असते आणि जी आमच्यातल्या निम्म्या लोकांना जन्मभर जमत नाही. आणि अर्थात दात सरळ केला. शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून उभा असलेला, सरळ, देखणा दात. माझ्या सोळा वर्षांच्या कामातला तो सगळ्यात चांगला होता, आणि तो मी प्रेमानं केला होता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. काकांनी फोटोत कधीतरी दात दाखवून हसावं एवढंच माझ्या मनात होतं.

महिनाभर बघू आणि मग पक्का करू, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तो कच्च्या सिमेंटनं बसवला. काका आरशात बघून हसले. मग माझ्याकडे बघून हसले. माझ्या वडिलांनी भावाच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, दहा वर्षांनी तरुण दिसतोस. काकूनं चष्मा लावून बराच वेळ निरखलं आणि म्हणाली, "छान आहे. कुणाचा आहे?" आम्ही सगळे हसलो. तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण मी कौतुक गोळा करण्यात गुंग होते.

पुढचे बारा दिवस काकांचा फोन नाही. मी केला तर म्हणत, ओठ अजून हळवा आहे, चालायचंच. तेराव्या दिवशी दुपारी धाकटी माझ्या मागच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. ट्रम्पेटची पेटी खांद्याला होती, तालमीतून सरळ आली असावी.

"ताई, तो दात काढा," ती म्हणाली.

मी हातातली कानस खाली ठेवली. "का? काय झालं दाताला?"

"दाताला काही नाही झालं. सरांचे वरचे सूर येत नाहीत. ओठ हळवा आहे म्हणून सांगतात. ओठ दोन आठवड्यांपूर्वीच बरा झालाय. माउथपीसची कड आधी त्या वाकड्या दाताच्या खाचेत बसायची. आता बसायला जागाच नाही, ती सारखी घसरते. मी घरी सरावाला शेजारी बसून रोज बघतेय."

"मग मला बोलले का नाहीत?"

"तुम्ही केलाय म्हणून." तिनं पेटी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "मी दोनदा म्हटलं सरांना. ते म्हणाले, पोरीनं नऊ दिवस खपून केलाय, मी जमवून घेईन."

मग तिनं मला ऑर्केस्ट्राचा नियम सांगितला, जो काकांनी घरात कुणालाच सांगितला नव्हता. सहा आठवड्यांहून जास्त गैरहजर राहिलं की खुर्ची रिकामी धरतात आणि पुन्हा परीक्षा होते. परीक्षा वीस दिवसांवर आली होती. पहिल्या खुर्चीसाठी जो कोणी पात्र असेल त्यानं पडद्यामागून वाजवायचं, परीक्षकांना नाव कळत नाही.

"आणि काका नाही पास झाले तर खुर्ची कुणाला जाईल?" मी विचारलं.

"मला," ती म्हणाली, किती वाजले ते सांगावं तसं.

त्या मुलीसमोर मला इतकं लहान वाटलं की मी तिला बसही म्हटलं नाही. ती गेल्यावर मी तडक काकांच्या घरी गेले. काका सरावाच्या खोलीत होते, ट्रम्पेट मांडीवर, समोर टायवाला. मी दारातूनच सुरू झाले, की मला काय परकी समजलात का, माझ्यापुढे मूग गिळून बसायला मी कोण लागून गेले, तोंड उघडून एक शब्द बोलता येत नव्हता का. काकांनी मला पूर्ण ओरडून घेऊ दिलं. मग ते म्हणाले, "अगं, तू आरसा धरून उभी होतीस ना, तेव्हा तुझा चेहरा मी बघत होतो. त्या चेहऱ्याला हा दात चुकला म्हणून सांगायचा मला धीर झाला नाही." मी तिथेच त्यांच्या स्टुलावर बसून रडले, आणि त्यांनी मला तेच फडकं दिलं ज्यानं ते वाफ पुसत.

आता प्रश्न असा, की जुना दात होता तरी कसा? आमच्याकडे प्रत्येक पेशंटच्या तोंडाचा प्लास्टरचा साचा पेटीत जपून ठेवलेला असतो. पण दाताला कुणी हात लावेल या धास्तीनं तो मोडेपर्यंत काका जन्मात कधी दातांच्या डॉक्टरकडे आलेच नव्हते. फोटोंमध्ये तोंड मिटलेलं. माझ्या डोळ्यांपुढे तर इतकी वर्षं मनात सरळ केलेलाच दात येत होता. मोडलेला तुकडा पडदेवाल्याला सापडला होता, पण त्यावरून आकार कळत होता, जागा नाही. काकांना विचारलं तर ते म्हणाले, "माझ्या ओठाला माहीत आहे, मला नाही. मी कधी बघितलाच नाही नीट."

"मला विचार ना," काकू दारातून म्हणाली. "पस्तीस वर्षं समोर बसून जेवतेय."

तिनं टेबलावरच्या खेळायच्या पत्त्यांतले दोन उचलले, कडेला कड लावून धरले. मग त्यातला एक हळूच मागे सरकवला आणि जरासा वळवला. "एवढा. आणि असा, रुसून मान फिरवलेला." मी पट्टी काढून अंतर मोजलं, तर ती म्हणाली, "मोजतेस काय, बघून घे."

मग आमचं काम सुरू झालं. डॉक्टरीणबाई जेवायला गेल्या की, आणि दवाखान्याच्या सुट्टीच्या दिवशी तर सकाळपासूनच. मी सरळ दात उतरवला आणि त्या जागी साध्या प्लास्टिकच्या मसाल्याचे तात्पुरते दात करून बसवायला लागले. काका प्लास्टरच्या पोत्यांच्या खोलीत जाऊन वाजवत. काकू बाहेर पेशंटच्या खुर्चीत विणकाम घेऊन बसलेली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. पहिला दात फारच मागे गेला. काकांनी एक सूर वाजवला आणि स्वतःच मान हलवत बाहेर आले. दुसऱ्यानं खालचे सूर आले. तिसऱ्याला वरचे आले, पण थरथरत. चौथा बसवला तेव्हा काका आत गेले आणि खालपासून वरपर्यंत सगळी शिडी चढून उतरून आले. चेहरा उजळलेला होता.

"झालं. हाच," ते म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला.

"नाही," बाहेरून काकू म्हणाली.

काका तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. "अगं, सगळे सूर आले. कड बरोबर बसतेय. नाही काय?"

"सूर आले. तुम्ही नाही आलात."

"म्हणजे काय ते नीट सांग."

काकूनं सुई थांबवली. "तुमचा सूर लागायच्या आधी जरासा श्वास ऐकू येतो. इतकासा. मग सूर येतो. आता एकदम टकटक केल्यासारखा येतोय. दुसरं कुणीतरी वाजवतंय असं वाटतं."

काका माझ्याकडे बघायला लागले आणि मी काकांकडे. जिनं पस्तीस वर्षं भोंगा भोंगा करून दार लावून घेतलं ती बाई हे बोलत होती. "दार लावून बसायचीस ना तू?" काका हळूच म्हणाले.

"पातळ लाकडाचं दार आहे ते," काकू म्हणाली, आणि पुन्हा विणायला लागली.

नंतर काका मला म्हणाले, की तो श्वास म्हणजे त्यांचं व्यंग होतं. नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत तीन निर्देशकांनी त्यावरून त्यांना झापलं होतं आणि तळघरातल्या लोकांनी त्यासाठीच त्यांना आपल्यात घेतलं होतं. ते घालवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला आणि मग सोडून दिला.

त्या दिवशी घरी गेल्यावरही मी विचार करत होते. जागा बरोबर होती, वळण बरोबर होतं. मग राहिलं काय? मी मोडलेला तुकडा काढून भिंगाखाली धरला. त्याची खालची कड झिजून गोल झाली होती, एका बाजूनं जास्त. चाळीस वर्षं ओठ आणि माउथपीस तिथे दाबले गेले होते. आणि माझ्या चारही दातांच्या कडा मात्र सुबक, धारदार. हाताला सवयच तशी. कड नेमकी काढणं हा माझा मान आहे. शिकाऊ मुलींनी कड गोल ठेवली की मी त्यांना दात पुन्हा पहिल्यापासून करायला लावते.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी काकांना खुर्चीत बसवलं, बारीक कानस घेतली आणि माझ्याच हातानं माझंच काम बिघडवलं. अर्धं मिनिट लागलं. डावीकडून जास्त, उजवीकडून कमी. काका आत गेले. एक खालचा लांब सूर वाजला. काकूचं विणणं थांबलं. आधी काहीतरी इतकंसं आलं, दार उघडताना आतली हवा लागते तसं, आणि त्याच्या मागून सूर. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण ते मला ऐकू आलं.

"हां," काकू म्हणाली. "आले हे."

ऑफिसातून घरी आलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं ती बोलली आणि सुया पिशवीत टाकून उठली.

परीक्षेला आता नऊ दिवस होते. दरम्यान धाकटीनं आपलं नाव मागे घ्यायचा अर्ज लिहून ठेवला होता. तो काकांच्या हाती लागला. त्यांना मी आयुष्यात दोनदा चिडलेलं पाहिलंय, त्यातली ही एक वेळ. त्यांनी तिला घरी बोलावलं आणि म्हणाले, "हे बघ, तू नाव काढलंस तर ती खुर्ची मला भीक म्हणून मिळेल. आणि तिथे जाऊन मुद्दाम वाईट वाजवलंस तर मला कळेल. मला नाही कळणार असं वाटतं का तुला?" ती म्हणाली, "कळेल, सर." तिनं अर्ज फाडला. नंतरचे नऊ दिवस दोघं रोज एकाच खोलीत सराव करत होते, एकाच खुर्चीसाठी. काका तिला सांगत होते, ही जागा घाईनं घेतेस, इथे थांब. काकू दोघांना चहा नेऊन द्यायची.

परीक्षेच्या दिवशी मी आणि काकू सभागृहाबाहेरच्या बोळात बाकावर बसलो. आत रंगमंचावर काळा पडदा आडवा लावलेला होता, बुटांच्या आवाजावरून बाई की पुरुष ते कळू नये म्हणून जमिनीवर सतरंजी अंथरलेली. चिठ्ठ्या काढून नंबर दिले होते. कुणाचा कुठला ते आम्हाला माहीत नव्हतं. दाराला फट होती. पडदेवाला तिथे उभा होता आणि दाराला हातही लावत नव्हता.

एक नंबर सुरू झाला. आधी श्वास, मग सूर. काकूनं माझं मनगट धरलं. मला सांगायची गरज नव्हती. संथ भाग काका इतका सुंदर वाजवत होते की मला रडूच यायला लागलं. तो जुना वाकडा, व्यंग असलेला, अख्खा माणूस त्या फटीतून बाहेर येत होता. मग तो उंच भाग आला, जिथे ट्रम्पेटला वर चढून शेवटच्या सुरावर उभं राहायचं असतं. काका चढले. पोचले. उभेही राहिले. पण तिथे ते पूर्वीइतका वेळ थांबले नाहीत, आणि तो सूर शेवटी बारीक होत गेला. एकोणसाठ वर्षांच्या माणसाचा दम होता तो. त्यात माझ्या दाताचा काही संबंध नव्हता. हे मला जितकं कळलं तितकं दुसरं काहीच त्या दिवशी कळलं नाही.

दोन नंबर धाकटीचा. तिनं काहीही मुद्दाम वाईट वाजवलं नाही. उंच सुरावर ती घरच्या गच्चीवर उभं राहावं तशी उभी राहिली. काकू माझं मनगट न सोडता म्हणाली, "चांगलं शिकवलंय ह्यांनी." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिनं पुसलं नाही.

निकाल अर्ध्या तासात लागला. धाकटी आधी बाहेर आली, डोळे लाल, वर बघायला तयार नाही. तिच्या मागून काका आले, फडक्यानं ट्रम्पेट पुसत. त्यांनी तिला थांबवलं आणि म्हणाले, "उद्या दहाला तालीम आहे. पहिली खुर्ची उंच आहे हां, तुझे पाय लोंबतील. स्टूल मागून घे." तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि हमसाहमशी रडली. काकांनी तिला थोपटलं. पडदेवाला स्टूल शोधायला धावलाच.

जिना उतरताना मी काकांच्या शेजारी होते. मला राहवेना. मी म्हटलं, "काका, अजून थोडी घासता आली असती कड. किंवा जागाच जराशी चुकली असेल. मी पुन्हा बघते, पुढच्या वर्षी—"

काका पायरीवरच थांबले. "काही बघू नकोस. तुझ्या त्या पहिल्या सुंदर दातानं हरलो असतो ना, तर मरेपर्यंत मनात राहिलं असतं की मी जिंकलो असतो. तुझ्यावरही रुसलो असतो, बोललो नसतो एवढंच." त्यांनी पेटी दुसऱ्या हातात घेतली आणि माझा हात धरला. "दात एकदम बरोबर झालाय, पोरी. आज आत जो हरला तो मीच होतो."